राखीव आजी

घाटकोपरच्या प्रेमाबाई पालव यांना त्यांची नात आजी म्हणत नसे, ‘घाटकोपरची आजी’ म्हणत असे. बँकेची शाखा सांगावी तसं. वेसाव्याच्या मालनबाई मात्र नुसत्या ‘आजी’ होत्या. मुख्य कार्यालयाला गावाचं नाव लावावं लागत नाही.

ह्यात श्रुतिकाचा दोष नव्हता. पाच वर्षांची पोर, वेसाव्याला बापाच्या घरी राहणारी, बापाच्या आईच्या मांडीवर वाढलेली. रविवारी आईबरोबर घाटकोपरला यायची, संध्याकाळी परत जायची. जे दिसेल ते बोलायची. पण प्रेमाबाईंना ते ‘घाटकोपरची’ दर रविवारी नव्याने टोचायचं.

प्रेमाबाईंचं आयुष्य चार ओळींत सांगता येतं, आणि त्यांची तक्रारही तीच होती. कणकवलीजवळच्या गावातून लग्न होऊन मुंबईला आल्या. नवरा दत्ताराम गिरणीत होता. आधी गिरणी गेली, मग दत्ताराम. पुढची सव्वीस वर्षं त्या मरोळच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, कोपरापर्यंत धुतलेले हात. सपाट पुठ्ठ्याची खोकी उभी करायची, त्यात बाटली, मापाचं झाकण आणि कुणीही न वाचणारा कागद घालायचा. एवढ्यावर त्यांनी एकुलत्या एक मुलीला, कल्पिताला, शिकवलं. सगळ्या घाटकोपरात आपल्याइतके स्वच्छ हात कुणाचे नाहीत असं त्यांचं ठाम मत होतं, आणि घाटकोपराने त्याला कधी हरकत घेतली नव्हती.

कल्पिताने अंधेरीच्या ऑफिसातल्या प्रीतमशी लग्न ठरवलं तेव्हा तो कोळ्यांचा आहे ह्यावर प्रेमाबाईंचा आक्षेप नव्हता. मालवणी माणूस मासळी खाण्यावरून कुणाशी भांडत नाही, फक्त ती कशी शिजवावी यावरून भांडतो. त्यांचा आक्षेप होता प्रीतमच्या आईला. मालनबाई बाजारात मासळी विकत. हसल्या की चार घरं पलीकडे कळायचं. उजवा हात मोकळा, आणि डाव्या हातात मनगटापासून निम्म्या हातापर्यंत हिरव्या बांगड्या. लग्नात उजव्या हातातला चुडा दर्याला द्यायचा, म्हणजे तो नवऱ्याला सांभाळून परत आणतो, ही त्यांच्या घरातली जुनी चाल. मालनबाईंचा नवरा, होडी हाकणारे तांडेल चंदूभाऊ, चाळीस वर्षं सांभाळून परत येत होता. दर्याने सौदा पाळला होता. गिरणीने प्रेमाबाईंशी असा काही सौदा केलेला नव्हता.

श्रुतिका तीन वर्षांची झाली आणि आजारपणं सुरू झाली. आधी मानेला गळू, मग यकृतात पू, मग फुप्फुसात बुरशी. तीन इस्पितळं झाल्यावर चौथ्याने मुलुंडला पाठवलं. तिथे सहाव्या मजल्यावर अशाच मुलांसाठी एक वेगळी टीम होती. दर गुरुवारी अकरा वाजता ती टीम एका गोल टेबलाभोवती बसे: डॉक्टरीणबाई, सिस्टर निशा, आहाराचं बघणारी एक मुलगी, समुपदेशन करणारा एक दाढीवाला, आणि त्यांच्या मधेमधे मुलाचे नातेवाईक. नातेवाइकांना टेबलाशी बसवून, त्यांचं म्हणणं विचारून उपचार ठरवणारं इस्पितळ प्रेमाबाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांना ते जरा संशयास्पदच वाटलं. मात्र मुलुंड मध्य रेल्वेवर आहे, म्हणजे आपल्या हद्दीत आहे, ही गोष्ट त्यांनी मनात टिपून ठेवली. वेसावकरांना मेट्रोने घाटकोपरला येऊनच पुढे जावं लागणार होतं.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्या गुरुवारी समजावलं. ‘शरीरात जंतूंना पकडणारे पोलीस असतात, पांढऱ्या पेशी. श्रुतिकाचे पोलीस आहेत, वेळेवर धावूनही जातात, पण त्यांच्या बंदुकीत गोळीच नाही. हे लाखांत एखाद्याला होतं. जन्मतःच चूक असते. तिची अर्धी चूक आईकडून आली, अर्धी बाबांकडून.’

दोघी विहिणींनी एकाच क्षणी एकमेकींकडे पाहिलं. गेली दोन वर्षं दोघी मनातल्या मनात दुसरीच्या घराण्यात खोट शोधत होत्या. इतकी समसमान वाटणी लग्नातल्या मानपानाचीही झाली नव्हती.

‘बुरशी कुठून आली असेल?’ कल्पिताने विचारलं.

‘कुजलेला पाला, खत, ओली माती. घरी काही आहे असं?’

‘आमच्याकडं माती कुठची?’ मालनबाई म्हणाल्या. ‘वालू हाय सगली.’

प्रेमाबाईंच्या गॅलरीत पाल्याच्या खताचा एक निळा ड्रम होता. श्रुतिका दर रविवारी त्यात हात घालून गांडुळं शोधायची, आणि घाटकोपरच्या आजीकडे यायचं तिचं तेवढं एकच कारण होतं.

‘कुठून आली ते आता सांगता येणार नाही,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘शोधूही नका.’

प्रेमाबाईंनी शोधलं नाही. घरी जाऊन ड्रम रिकामा केला, तीनदा धुतला, गॅलरीत उपडा घातला, आणि त्याबद्दल कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत.

उपाय एकच होता. श्रुतिकाचे सगळे पोलीस औषधाने घरी पाठवायचे आणि दुसऱ्याच्या हाडातल्या मज्जेतून नवीन भरती करायची. प्रीतमची मज्जा अर्धी जुळत होती, तेवढी पुरणार होती. पण जुने गेले आणि नवे आले नाहीत, असे मधले दोन-तीन आठवडे पोरीच्या अंगात एकही पोलीस नसणार. तेव्हा साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतू शकते. म्हणून चाळीस दिवस बंद खोली, गाळून येणारी हवा, आणि सोबत एकच माणूस.

कल्पिताच्या अंगावर तीन महिन्यांचं दुसरं बाळ पीत होतं. प्रीतमला मज्जा देऊन कामावर हजर व्हायचं होतं, नाहीतर नोकरीबरोबर विमाही गेला असता.

‘म्हणजे एक आजी आत,’ सिस्टर निशा म्हणाली. ‘दुसरी राखीव. पहिलीला काही झालं तर. फॉर्मवर तिसरं नाव पण लागतं, नियम आहे म्हणून.’

तिसरं नाव चंदूभाऊंचं लिहिलं. ते कोपऱ्यात बसले होते. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही हरकत घेतली नाही.

‘आत कुठली आजी जाणार?’ मालनबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, ‘पोर माझ्याबिगर झोपत नाय.’

‘ते आम्ही शिकवू, मग ठरवू,’ निशा म्हणाली.

प्रेमाबाईंना हे वाक्य मंत्रासारखं वाटलं. शिकवणार म्हणजे परीक्षा होणार, आणि परीक्षा हात धुण्याची होती.

हाताला एक मलम लावायचं, मग साबणाने हात धुवायचे, मग निळ्या दिव्याखाली धरायचे. जिथे नीट धुतलं गेलं नाही तिथे मलम चमकतं. प्रेमाबाईंनी सव्वीस वर्षांच्या सवयीने तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं घासली आणि हात दिव्याखाली धरले. काही म्हणजे काही चमकलं नाही. टीममधल्या त्या दाढीवाल्याने टाळी वाजवली. मग मालनबाईंनी हात धरले. बोटांवर माशांच्या काट्यांनी पडलेल्या जुन्या चिरांमधून बारीक रेघा उजळल्या, आणि डाव्या मनगटावर, बांगड्यांखाली, दिवाळी होती.

‘बांगड्या काढाव्या लागतील, आजी,’ निशा म्हणाली.

नवरा जिवंत, तोही दर्यावर जाणारा. मालनबाईंनी डावा हात पदराखाली घेतला.

प्रेमाबाईंनी सहानुभूतीचा चेहरा केला. तो त्यांना चांगला जमायचा. ‘असू दे हो विहीणबाई. रीत मोडून कशाला? मी आहे ना.’

‘तुम्ही हायेत ते दिसतंय मला,’ मालनबाई म्हणाल्या. ‘बगते मी.’

जाता जाता निशाने चंदूभाऊंनाही बेसिनपाशी उभं केलं, फॉर्मवर नाव आहे म्हणून. त्यांनी जाळं उकलावं तसं एकेक बोट सुटं करून धुतलं. दिव्याखाली काही चमकलं नाही. ‘इंजिनचं डिझेल हो,’ ते ओशाळून म्हणाले. ‘हात साफ नसले तर ही ताटावर बसू देत नाय.’ निशाने टिकमार्क केला. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मालनबाई आल्या तेव्हा त्यांचा डावा हात मोकळा होता. बांगड्यांच्या जागी फिकट कातडीचा पट्टा होता, कुणाच्या तरी दुसऱ्याच्या हातासारखा.

‘फोडल्या नाय,’ त्या कुणी न विचारता म्हणाल्या. ‘साबण लावून उतरवल्या. देवीसमोर ठेवल्यात.’ चंदूभाऊ खाली फरशीकडे बघत होते. दाढीवाल्याने डोळे पुसले. कल्पिता, प्रेमाबाईंच्या पोटची मुलगी, उठून सासूच्या गळ्यात पडली.

प्रेमाबाईंना त्या बांगड्यांचाही हेवा वाटला. त्यांच्याकडे त्यागायला काही शिल्लकच नव्हतं. दत्ताराम गेला तेव्हा त्यांच्या बांगड्या बायकांनी धरून उतरवल्या होत्या. तेव्हा कुणी डोळे पुसले असतील तर ते दत्तारामसाठी.

पण टीम भावनेवर चालत नव्हती. हात, औषधांच्या वेळा, छातीतल्या नळीची काळजी, सगळ्याचे गुण मिळवून निशाने सांगितलं: आत प्रेमाआजी, राखीव मालनआजी. प्रेमाबाईंनी मान खाली घातली. चेहऱ्यावर जे होतं ते कुणाला दिसू नये म्हणून.

खोली छान होती. एक काच, एक पलंग, एक आरामखुर्ची, आणि भिंतीवर पांढरा फळा. त्यावर निशा रोज सकाळी पोलिसांचा आकडा लिहायची. खोलीचं दार उघडण्याआधी मधल्या जागेत ती प्रेमाबाईंना रोज आठ वाजता सात प्रश्न विचारायची. ताप? सर्दी? खोकला? घसा? जुलाब? अंगावर पुरळ? मजल्याबाहेर गेलात? सात वेळा ‘नाही’ म्हटलं की दिवस सुरू व्हायचा. सकाळच्या आंघोळीला आणि जेवायला त्याच मजल्यावर नातेवाइकांची छोटी खोली होती. मजला सोडायचा नाही.

प्रेमाबाई चोख होत्या. त्यांनी गोळ्या, सिरपं, नाडी, लघवीचं माप सगळं कारखान्याच्या शिस्तीने सांभाळलं. श्रुतिकाला निर्जंतुक कागदाच्या डब्या करून दिल्या, झाकणासकट. एका डबीत बाहुलीचं डोकं राहील इतपत मोठ्या. पोरीला डब्या आवडल्या. पण एक गोष्ट प्रेमाबाईंच्या हाती नव्हती. गोळी.

दिवसाला अकरा गोळ्या, त्यातल्या दोन कडूजहर. श्रुतिका ओठ घट्ट मिटायची. प्रेमाबाईंनी गोड बोलून पाहिलं, देवाची शपथ घालून पाहिली. शेवटी निशा म्हणाली, ‘त्या आजींना फोन लावू या का?’

फोनच्या पडद्यावर मालनबाई आल्या, मासळीची पाटी मांडल्यासारख्या बसलेल्या.

‘गो श्रुतू, ही बग सुरमई! ताजी, आत्ता होडीतून उतरली!’

श्रुतिकाने गोळीचा वास घेतला. ‘वास येतोय हिला.’

‘वास तुझ्या नाकाला! कल्ले बग कसे लालभडक. घे पटकन, नायतर शेजारची घेऊन जाईल.’

‘शेजारची कोण?’

‘ती काय तुझ्या मागं टपलेली, घाटकोपरवाली!’

श्रुतिकाने वळून पाहिलं आणि गोळी तोंडात टाकली. ‘मी घेतली! तुला नाय!’ ती प्रेमाबाईंना म्हणाली.

अशा रीतीने दिवसातून अकरा वेळा, बंद खोलीत, गाळलेल्या हवेत, मालनबाईंचा बाजार भरू लागला. आणि प्रेमाबाईंना दर वेळी गिऱ्हाईक हरलेल्या बाईचं काम करावं लागलं. निशा म्हणायची, ‘काय झकास टीम आहे तुमची, आजी!’ प्रेमाबाई हसायच्या. कारखान्यातल्या इन्स्पेक्टरसमोर हसत तशा.

त्यात डबा सुरू झाला. मालनबाई रोज वेसाव्याहून मेट्रोने, मग पुढे रिक्षाने, मुलुंडपर्यंत येऊन प्रेमाबाईंसाठी जेवण देऊन जायच्या. कधी बोंबलाचं कालवण, कधी करंदी. वॉचमन डबा वर पोचवायचा. श्रुतिकाला इस्पितळाचंच खायला होतं, तेव्हा डबा निव्वळ विहिणीसाठी होता. ‘एवढं करते बाई तुमचं,’ आया म्हणायची. प्रेमाबाई झाकण न उघडता डबा आयालाच देऊन टाकायच्या. ज्या घरी मुलगी दिली त्या घरचं रोजचं जेवण म्हणजे रोजचा उपकार, आणि उपकारावर दुसरा उपकार असा की, तो चविष्ट असणार ह्याची त्यांना खात्री होती.

प्रीतमची मज्जा चढवून सहा दिवस झाले होते. फळ्यावर शून्य लागलं होतं. त्या दुपारी श्रुतिका झोपल्यावर प्रेमाबाई मजल्याच्या बाहेर पडल्या, लिफ्टने खाली गेल्या आणि फाटकापाशी मालनबाईंना गाठलं.

‘विहीणबाई, उद्यापासून डबा आणू नका,’ त्या म्हणाल्या.

‘क्काय?’ फाटकाजवळ रिक्षांचा कालवा होता. तोंडाला मास्क होता.

‘डबा! नको!’

‘कसला ढब्बू?’

आता, विहिणीला टोमणा मारायचा तर त्याला ओठ लागतात. कुठला शब्द दाबला, कुठे थांबलं, कोपऱ्यातून किती हसलं, ह्यात तर सगळं असतं. मास्कमधून तो मारता येत नाही. प्रेमाबाईंनी मास्क हनुवटीखाली ओढला. ‘म्हटलं, आमच्याकडे जरा कमी तिखटाचं खातात. तुमच्या पद्धतीचं मला सोसत नाही. पोरीकडे लक्ष द्यायचं, का पोटाकडे?’

मालनबाईंनीही मास्क ओढला. उत्तर द्यायला त्यांनाही ओठ हवेच होते. ‘मालवणी माणसाला तिखट सोसत नाय? नवीनच ऐकते. सांगा ना सरळ, मालनचं गोड लागत नाय.’

असं वीस मिनिटं चाललं. आजूबाजूने शिंकणारी, खोकणारी, ओपीडीला आलेली दुनिया जात होती. दोघी समाधानाने लाल होऊन वेगळ्या झाल्या. प्रेमाबाई वर आल्या, दोनदा हात धुतले, कपडे बदलले. दुसऱ्या दिवशी आठ वाजता सातव्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणताना त्यांना फक्त अर्धा क्षण लागला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या तेव्हा घसा खवखवत होता.

थंड हवेने असेल. रात्रभर यंत्राचा वारा अंगावर येतो. त्यांनी मिठाच्या गुळण्या केल्या. आरशात आ करून पाहिलं. आठ वाजता निशा मधल्या जागेत फॉर्म घेऊन उभी राहिली.

‘ताप?’

‘नाही.’

‘सर्दी? खोकला?’

‘नाही.’

‘घसा?’

प्रेमाबाईंना सगळं स्वच्छ दिसत होतं. ‘हो’ म्हटलं की त्या बाहेर. दीड तासात मालनबाई आत. श्रुतिका पलंगावर उभी राहून नाचणार. मग दिवसाला अकरा वेळा नुसता आनंद, फोनचीही गरज नाही. आणि मग कोण परत बोलावतंय घाटकोपरवालीला?

‘नाही,’ त्या म्हणाल्या.

आत जाऊन त्यांनी मास्कवर मास्क लावला. खुर्ची दाराला टेकवून बसल्या. गोळ्या ट्रेमध्ये ठेवून ट्रे लांबून सरकवला. आपण काळजी घेतोय असं त्या स्वतःला सांगत होत्या, आणि ज्याला काही नाही तो इतकी काळजी कशाला घेईल, हे न कळण्याइतक्या त्या अडाणी नव्हत्या. फळ्यावर शून्य होतं. श्रुतिकाने काठी टेकत टेकत चालणाऱ्या म्हातारीसारखी नळीची गाडी ढकलत फळ्यापर्यंत जाऊन त्या शून्याला मिटलेले डोळे काढले. ‘पोलीस झोपलेत,’ ती म्हणाली. तिच्या डोक्यावर एक केस उरला नव्हता.

दुपारी एकच्या सुमाराला तिला खेळायची लहर आली. कागदाच्या डबीचं झाकण फॉर्मसारखं हातात धरून ती पलंगावर निशासारखी उभी राहिली, एक हात कमरेवर.

‘चला आजी, सांगा पटापट. ताप?’

‘नाही गो.’

‘सर्दी?’

‘नाही.’

‘खोकला?’

‘नाही.’

‘घसा?’

प्रेमाबाईंनी वरचा मास्क नाकावर ओढला.

‘खरं सांगायचं हां,’ श्रुतिका म्हणाली. ‘माझे पोलीस झोपलेत.’

प्रेमाबाईंच्या डोळ्यांसमोर का कोण जाणे, तो निळा ड्रम आला, उपडा घातलेला. त्या उठल्या, पलंगाकडे न जाता दाराकडे गेल्या, आणि घंटा दाबली.

निशाने ऐकून घेतलं. घसा कधीपासून, बाहेर गेला होतात का, कुठे, किती वेळ, मास्क होता का. प्रेमाबाईंनी सगळं सांगितलं, हनुवटीसकट. निशा ओरडली नाही. ‘आठ वाजता सांगायला हवं होतं, आजी,’ एवढंच म्हणाली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावायला वळली. प्रेमाबाईंना वाटलं, हिने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

नाकातून नमुना घेतला. श्रुतिकाचाही घेतला, ती आतून ओरडल्याचं काचेबाहेर नुसतं दिसलं. प्रेमाबाई मजल्याच्या मोठ्या दाराबाहेरच्या बाकावर, टोकाला, बसल्या. दीड तासाने मालनबाई आल्या. आंघोळ करून, धुतलेलं पातळ, केस घट्ट बांधलेले, दोन्ही मनगटं मोकळी. बाकाकडे त्यांनी एकदा पाहिलं. जिंकलेल्या माणसाचं ते बघणं प्रेमाबाईंनी ओळखलं, कारण तीन आठवड्यांपूर्वी ते त्यांचं स्वतःचं होतं.

निशा फॉर्म घेऊन दारात आली. ‘ताप?’

‘नाय.’

‘सर्दी, खोकला?’

‘नाय.’

‘घसा?’

मालनबाईंनी दाराच्या काचेतून आत पाहिलं. लांब, बोळाच्या शेवटी, श्रुतिकाच्या खोलीचं दार दिसत होतं. प्रेमाबाई बाकावर ताठ झाल्या.

‘कालपासून धरलाय,’ मालनबाई म्हणाल्या. ‘काढा माझं नाव.’

प्रेमाबाईंना पाच तास लागले होते. मालनबाईंना फार तर दहा सेकंदं. प्रेमाबाईंनी ती मोजली होती. इतक्या वर्षांत त्यांना मालनबाईंच्या पुष्कळ गोष्टींचा हेवा वाटला होता: नवऱ्याचा, नातीचा, कालवणाचा, बांगड्यांचा. पण ह्या दहा सेकंदांइतका कशाचाही नाही.

निशाने पान उलटलं. ‘तिसरं नाव?’

चंदूभाऊ त्याच संध्याकाळी आले. होडीचं इंजिन उघडलेलं होतं म्हणून ते घरीच होते. नमुन्याचा निकाल येईपर्यंत सिस्टरांनी पाळी लावून पोरीला सांभाळलं. सकाळी ते सातही प्रश्नांना मान हलवून आत गेले.

दोघींच्या नमुन्यांत एकच विषाणू निघाला, साध्या सर्दीचा. कुणाकडून कुणाला गेला ते डॉक्टरीणबाई सांगू शकल्या नाहीत; शोधूही नका म्हणाल्या. श्रुतिकाच्या नाकात तो नव्हता. तिसऱ्या दिवशी मात्र तिला ताप चढला, आणि दोन दिवस सहाव्या मजल्यावर गुरुवार नसतानाही ते गोल टेबल भरलं. त्या दोन दिवसांत दोघी विहिणी खालच्या बागेतल्या एका बाकाच्या दोन टोकांना मास्क लावून बसल्या होत्या. घरी जा म्हणून सांगितलं तरी गेल्या नाहीत. कुणीही कुणाला टोमणा मारला नाही. मास्क तर होतेच, पण तेवढं एकच कारण नव्हतं.

ताप उतरला. त्या संध्याकाळी निशाने फोन लावून दिला. मालनबाईंनी घसा खाकरला. ‘गो श्रुतू! ही बग, हलवा आणलाय, फडफडतोय!’

‘आजी, थांब ना,’ श्रुतिका म्हणाली. ‘आजोबा जाळं विणतायत.’

पडद्यावर चंदूभाऊ बँडेजच्या पट्टीचं बारीक जाळं करत होते. गाठ मारता मारता त्यांनी एक गोळी पुढे केली. श्रुतिकाने जाळ्यावरची नजर न काढता ती गिळली. एक शब्द नाही, बाजार नाही, काही नाही.

‘कडू नाय लागली?’ मालनबाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

‘कडूच आहे,’ श्रुतिका म्हणाली. ‘नंतर फोन करा हां दोघी. आणि त्या डबीवाल्या आजीला सांग, झाकण कसं करायचं ते आजोबांना येत नाही.’

फोन बंद झाला.

‘डबीवाली आजी कोण?’ मालनबाईंनी विचारलं. त्यांना ते माहीत होतं, पण कुणीतरी बोलायला हवं होतं.

‘असेल कुणीतरी,’ प्रेमाबाई म्हणाल्या आणि मास्कआड, कुणाला दिसणार नाही इतपत, हसल्या.

आठवड्याने प्रेमाबाईंचा नमुना स्वच्छ आला. मालनबाईंचा नाही. फळ्यावर त्या सकाळी पहिल्यांदा शून्याच्या जागी एकशेवीस लिहिलं होतं, आणि श्रुतिकाने त्यातल्या शून्याला उघडे डोळे काढले होते, असं निशाने बागेत येऊन सांगितलं.

‘तुम्ही आत येऊ शकता, आजी. यादीत तुम्ही पहिल्या आहात. डॉक्टर म्हणाल्या, माणूस बदलला नाही तर जास्त बरं. पण आजोबाही थकलेत. तुम्ही सांगा.’

प्रेमाबाईंनी बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं नाही. तिकडून कोण बघतंय, कसं बघतंय, हे त्यांना न बघताही कळत होतं. ‘आकडा किती झाला की पोरीला सर्दीची भीती कमी?’

‘पाचशेच्या वर. तीन दिवस सलग.’

‘मग तोवर व्याह्यांनाच राहू दे. दार उघडायला नको उगीच.’

निशा गेली.

‘माझ्यासाठी थांबत असाल तर थांबू नका,’ मालनबाई म्हणाल्या.

‘तुमच्यासाठी कोण थांबतंय?’

‘मंग बरं.’ मालनबाईंनी पिशवीतून डबा काढला, बाकाच्या मधोमध ठेवला आणि हात काढून घेतला. सवयीने त्यांनी डावं मनगट चाचपलं. तिथे काही नव्हतं. ‘बोंबील हाय. तुमच्या घरच्यासारखं तिखट कमी घातलंय.’

प्रेमाबाई उठल्या, नळावर कोपरापर्यंत हात धुऊन आल्या, आणि मास्क खाली करून पहिल्यांदाच ते झाकण उघडलं. सर्दी गेल्याने चव पूर्ण परतली होती. कालवण असं होतं की कणकवलीत तसं कुणाला जमलं नसतं, त्यांच्या आईलाही नाही.

त्यांनी सगळं संपवलं, बोट चाटलं.

‘मीठ जरा कमी पडलंय,’ त्या म्हणाल्या.